सहा सुटले, तीन बसले

एकदा एका रसायनांच्या कारखान्यात एक म्हातारा मिस्त्री होता. शाळा चौथीतच सुटलेली, पण चाळीस वर्षे द्रावणे ढवळून त्याला धातूंचा स्वभाव कळला होता. त्याच्या हाताखाली एक मुलगी शिकत होती. पदवीधर, हुशार, फक्त मालक समोर आला की तिला आपलेच ज्ञान खोटे वाटू लागे.

मालक पक्का व्यापारी. त्याने अमाइन जातीचे एक नवे रसायन विकायला काढले होते. निकेलच्या हिरव्या पाण्यात अमोनिया भरपूर घातला की पाणी निळे होते. अमोनियाचे सहा रेणू निकेलच्या एका कणाला धरून बसतात. त्यात हे नवे अमाइन घातले की पाणी जांभळे होते. अमोनिया बाहेर, हे आत, आणि याची पकड कितीतरी पट घट्ट. या अदलाबदलीत उष्णता किती निघते, हे मुलीने मोजायचे होते. तिने अकरा वेळा मोजले. अकराही वेळा पारा जेमतेम हलला.

मालक भडकला. "एवढं घट्ट धरतंय, तर तापायला नको? तुझा थर्मामीटर बिघडलाय. आकडा तिप्पट कर आणि सही कर. नाहीतर उद्यापासून घरी बस."

मोठ्या माणसांचे हे असेच. आपल्याला कळले नाही की दुसऱ्याचे यंत्र बिघडलेले.

मुलगी म्हाताऱ्याला म्हणाली, "तात्या, माझंच चुकत असेल. करते सही."

"अकरा वेळा चुकलीस? एवढं नेमानं चुकणारं माणूस मी पाहिलं नाही. चल बाहेर. शेठ, तुम्हीपण चला."

जेवणाची सुट्टी होती. म्हाताऱ्याने सहा हमालांना उठवले आणि शेडचा लोखंडी खांब एकेका हाताने धरायला लावला. दुसऱ्या हातात त्यांची भाकरी. मग तीन दांडगे गडी बोलावले.

"शिरा आत. दोन्ही हातांनी धरा खांब."

रेटारेटी झाली. "अरे, माझी चटणी सांडली ना!" एक ओरडला. सहाही जण निसटले. कोणी नळावर गेला, कोणी टपरीवर, एक तर लिंबाखाली आडवाच झाला.

"शेठ, खांबावर हात किती?"

"सहा."

"आणि आधी?"

"सहाच की."

"मग जादा उष्णता काय माझ्या टाळक्यातून काढू? हात तेवढे, तर ऊबही जवळपास तेवढीच. पोरीचा पारा खरं बोलतोय."

"मग पकड घट्ट का?"

"त्या सहांना परत आणून बसवा खांबाला. सगळ्यांना एकदम."

मालकाने हाका मारल्या. एक आला, दुसरा येईस्तोवर पहिला पान खायला गेला. मालकाचा घसा बसला, खांबाशी सहा काही जमले नाहीत.

म्हातारा म्हणाला, "अमोनियाला हात एक, याला दोन. एक सुटला तरी दुसरा धरून असतो, म्हणून हा लांब जात नाही. आणि तीन आत आले की सहा मोकळे होतात. मोकळं झालेलं वाट्टेल तिथं पांगतं. ते पुन्हा त्याच जागी गोळा होणं महाकठीण. घट्टपणा त्यातून येतो, शेठ. घट्ट धरायला तापावं लागतंच असं नाही."

मालक गुरगुरला, "हे गिऱ्हाईकाला कोण समजावणार? आकडा बदल, पोरी."

मुलीने कागद घेतला, आपलाच आकडा लिहिला आणि खाली सही केली.

"उद्या येऊ नकोस!"

"बरं," ती म्हणाली. "आकडा हाच राहील."

तिचा आवाज जराही चढला नव्हता. मालक मात्र घामाघूम झाला होता. म्हाताऱ्याने दोघांकडे पाहिले आणि आणखी काही समजावण्याची गरज त्याला वाटली नाही.

वाचणाऱ्यांनो, आरडाओरडा करणाऱ्याला ठाम समजू नका.