सरकारांच्या गाडीत चार हजार गाणी

ही गोष्ट शंभर टक्के खरी आहे. मी डोळ्यांनी पाहिली. म्हणजे पाहिली नाही, ऐकली. पण ज्याने सांगितली तो पकडलेल्या माशाच्या लांबीखेरीज कशातच खोटं बोलत नाही.

खंडेनवमीच्या दुपारी टेंभुर्डेकर सरकारांनी ड्रायव्हर धोंडीबाला बोलावलं. संस्थान केव्हाच गेलं होतं, हट्ट तेवढा राहिला होता. सरकारांच्या हातात काडेपेटीएवढा प्लेअर होता. नातवाने परदेशातून पाठवलेला, आत चार हजार गाणी.

"उद्या सीमोल्लंघनाला ही सगळी गाडीत वाजली पाहिजेत."

"सरकार, आपला टेप जुना. त्याला कॅसेटशिवाय काही कळत नाही. डॅशबोर्ड उघडून नवा बसवावा लागेल."

"मग बसव."

"कशानं? पान्हे, पक्कड, स्क्रू ड्रायव्हर, सगळं पूजेत मांडलंय."

"खबरदार हात लावशील तर! खंडेनवमीला मांडलेलं हत्यार सीमोल्लंघनाआधी उचलायचं नाही, ही आमच्या घराण्याची रीत."

"मग गाडी शहरात नेतो."

"हार घातलेली गाडी? तीही पूजेतच आहे. उद्यापर्यंत जागची हलणार नाही."

"मग कसं करू?"

"ते तू बघ. गाणी वाजली नाहीत, तर चावी ठेवायची आणि घरी बसायचं."

धोंडीबा घरी आला तो तोंड पाडून. त्याची मुलगी सुगंधा एस.टी. स्टँडवर मोबाइल रिचार्जचं दुकान चालवायची. तिने सगळं ऐकून घेतलं.

"आबा, टेपात कॅसेट घालायला तरी मनाई नाही ना?"

"नाही. पण एका कॅसेटीत मावून मावून मावणार किती? बारा!"

"तुम्ही उद्याच्या फेट्याचं बघा," म्हणत ती दुकानातल्या न खपलेल्या मालाची खोकी उपसायला निघून गेली.

दसऱ्याला सरकार फेटा बांधून मागच्या सीटवर बसले. सुगंधाने खिडकीतून वाकून टेपात एक कॅसेट सरकवली. तिला शेपटासारखी लांब वायर होती. वायरीचं टोक तिने सरकारांच्या मांडीवरच्या प्लेअरला जोडलं आणि बटण दाबलं. गाडीत सनई घुमली. धोंडीबाचा जीव भांड्यात पडला.

सरकारांचा नव्हता पडला.

"एखादं गाणं कोणीही भरून आणेल. पुढचं लाव."

"आपणच लावा ना सरकार. बटण आपल्याच हातात आहे."

सरकारांनी बटण दाबलं. पोवाडा लागला. पुन्हा दाबलं. नाट्यपद. पुन्हा दाबलं, तर कोणीतरी पाय चेंगरल्यासारखं ओरडायला लागलं.

"हे काय?"

"नातवाची आवड असेल, सरकार."

"काढ ती कॅसेट. बघू दे."

त्यांनी ती उलटीपालटी केली, उजेडात धरली. आत फीत नावालाही नव्हती. वायरीतून आलेलं गाणं ती कॅसेट थेट टेपच्या कानात सांगत होती.

"फसवतेस? ही तर रिकामी आहे!"

"रिकामीच आहे."

"मग चार हजार गाणी बसली कुठं?"

"सरकार, फीत भरलेल्या कॅसेटीत बाराच बसतात. चार हजार पाहुणे येणार म्हटल्यावर आधी घर मोकळं नको करायला?"

सरकारांनी रिकाम्या कॅसेटीतून एकदा आरपार पाहिलं. मग असे हसले की फेटा सुटून मांडीवर आला.

"धोंडीबा, चावी तुझ्याकडेच राहू दे, जन्मभर. आणि पोरी, तू पुढं बस. आज सोनं लुटायला आमच्या गाडीचा मान तुझा."

सुगंधाने कॅसेट परत टेपात सरकवली आणि गाडी सनई वाजवत शिवेपार गेली.

आता कबूल करून टाकतो. सुगंधा खरी, कॅसेटही खरी. सरकार तेवढे मी रचले. हा हट्ट खरा माझ्या सासऱ्यांचा. पण ते हयात आहेत, वाचतातही. म्हणून त्यांना जरा एक संस्थान देऊन टाकलं.