पोटातल्या हुंकाराची कहाणी

ऐका जिवती आई, तुमची कहाणी. बायांनो, मुठीत तांदूळ घ्या, मधे कुणी उठू नका.

नदीकाठी एक आटपाट नगर होतं. तिथं एक रंगारी होता. त्याची बायको भिवरा. घरात सासू होती, जाऊ होती. भिवरा पहाटेपासून निळीच्या हौदाशी उभी. लुगडी बुडवावी, पिळावी, दांडीवर टाकावी. तिचे हात कोपरापर्यंत निळे, ते कधी निवळलेच नाहीत.

मग भिवरेला दिवस गेले. पाचवा महिना लागला, पोटात मासोळीसारखं हाललं. भिवरा हरखली. मग एके दिवशी हालेनासं झालं. सासूला म्हणाली, "आत्याबाई, पोटातलं हालत नाही." सासू म्हणाली, "हालेल. आधी हौद ढवळ." जावेला म्हणाली, "जाऊबाई, पोटातलं हालत नाही." जाऊ म्हणाली, "आम्हांला काय पोरं झालीच नाहीत?" नवऱ्याला म्हणाली, "अहो, हालत नाही हो." नवरा म्हणाला, "आईला सांग."

मूल गेलं. हौदामागं पुरलं, वर दगड ठेवला. भिवरा त्याच दगडापाशी लुगडी पिळू लागली. डोळ्यांना पाणी आलं तर सासू म्हणे, "रंगात पडेल."

मग पुन्हा दिवस राहिले. पुन्हा पाचवा महिना. पोट दिसू लागलं, निऱ्या ठरेनात, बेंबीखाली काळी रेघ उमटली. पाय सुजले, जोडवी रुतली. पण आत काही हालेना. भिवरा मनाशी म्हणाली, हेही गेलं. आता सांगू कुणाला?

लुगडी धुवायला नदीवर गेली, ती काठावरच ठेवली. घोटाभर पाण्यात गेली. गुडघाभर गेली. कमरेइतक्या पाण्यात गेली, तो समोर एक म्हातारी उभी. "बाई बाई, कुठं चाललीस?" "आजी, माझं ऐकणारं कुणी नाही. जाऊ दे मला." म्हातारी म्हणाली, "वसा देते तो घे. शुक्रवारी काम टाकून बसावं. मुठीत तांदूळ घ्यावे, आपल्या जिवाची कहाणी सांगावी. ऐकणाऱ्यानं हूं म्हणावं. त्यावाचून उठू नये." "आणि कुणी बसलंच नाही तर?" "तर पोटातल्याला सांग. पाचव्यात त्याला कान येतात, नखं येतात, अंगावर लव येते. तू दिवसभर राबतेस, तो झुलून झुलून निजतो." भिवरेला काही खरं वाटलं नाही. तरी माघारी आली.

शुक्रवार आला. सासूला म्हणाली, "माझी कहाणी ऐका." "तुझी कसली कहाणी?" जावेला म्हणाली. जाऊ हसली. नवऱ्याला म्हणाली. तो बाजाराला निघून गेला.

मग भिवरा मुठीत तांदूळ घेऊन हौदामागं दगडापाशी बसली. निळा हात पोटावर ठेवला नि सांगू लागली, "बाळा, तुझ्याआधी एक होतं. ते गप्प झालं, मी घरभर सांगत फिरले, पण कुणी ओ दिली नाही." कहाणी सरली, हुंकार नाही. पुन्हा सांगितली, हुंकार नाही. तिसऱ्यांदा सांगू लागली, तो सासूची हाक आली, "हौद कोण ढवळणार?" भिवरेचे पाय आपसूक उठायला निघाले. तिनं दगडाला धरलं, उठली नाही. पुढं सांगत राहिली.

आणि हाताखाली टुक झालं.

भिवरा ढसाढसा रडली. अर्धे तांदूळ पदरात बांधले, अर्धे दगडावर वाहिले. पहिलं काही परत आलं नाही.

नऊ महिने भरले, मुलगी झाली. सासू बघायला आली, पोर रडू लागली. सासू म्हणाली, "किती रडते ही!" भिवरा म्हणाली, "आत्याबाई, ती सांगतेय. हूं म्हणा." सासूनं दगडाकडं पाहिलं, खाली मान घातली, नि हूं म्हणाली.

जिवती आई, भिवरेला हुंकार आला तसा तुम्हांआम्हांला येवो. ज्यांना आला नाही, त्यांच्या नावानं दोन दाणे बाजूला ठेवा. ही पाचव्या महिन्याची कहाणी, नवव्या महिन्यी सुफळ संपूर्ण. बायांनो, हूं म्हणा.