रेवाबा महाराजांनी अडवलेली जागा

“खाली ठेवू नकोस. कुणी काही म्हणो, अंगावेगळी करू नकोस.”

मायाप्पा सणगर म्हातारा झाला, डोळ्यांनी अधू झाला, तरी महाराजांचा हा आवाज त्याच्या कानांतून गेला नाही. घोंगडी विणता विणता हात थांबला की तो जवळ बसलेल्याला ही हकीगत सांगे.

त्या काळी रेवाबा महाराज माळशिंदी गावाबाहेर, ओढ्याकाठच्या करंजाखाली राहत असत. समोर धुनी, अंगावर मायाप्पानं विणून वाहिलेलं काळं घोंगडं. महाराजांना दम्याची व्यथा होती. दुसऱ्यांची दुखणी निवारणाऱ्या महाराजांनी आपली ही व्यथा मात्र कधी घालवली नाही. श्वास सोडताना त्यांच्या छातीतून बारीक शीळ उमटायची आणि शेवटाला दोनदा तुटायची. अंधारातही ती शीळ ऐकली की गावकरी ओळखत, महाराज जवळपास आहेत.

पौषातली गोष्ट. मायाप्पाची बायको हौसा सातव्या महिन्यातच बाळंत झाली. मुलगी झाली, पण केवढी! ओंजळीत मावेल एवढी. कातडीखालच्या शिरा दिसत होत्या, नखं पुरती आली नव्हती. रडायचंही बळ नव्हतं, नुसती कुणकुण. हौसा तापानं फणफणलेली, तिला कशाची शुद्ध नव्हती. सुईण चंद्राक्कानं पोर कापसात गुंडाळून सुपात निजवली आणि सूप शेगडीशी सरकवलं. पण कापूस ऊब धरून ठेवतो, देत नाही. पोर गार पडत चालली.

सोयेर, म्हणजे जन्माचा विटाळ, फिटेपर्यंत पुरुषानं बाळंतिणीच्या खोलीचा उंबरा ओलांडायचा नाही, अशी तिथली रीत. मायाप्पा बाहेरूनच बघत होता. खरं सांगायचं तर त्याला माया आली नाही, भीती वाटली. हे आपलं आहे, असं मनात येईना. तो पळत महाराजांकडे गेला.

महाराजांनी काही विचारलं नाही. “छातीवर घे तिला. उघड्या अंगावर,” म्हणाले, आणि मग मायाप्पाच्या कानांत कायमचे राहिलेले ते शब्द बोलले.

मायाप्पानं हात जोडून सोयेराचं सांगितलं. पुरुषमाणूस कसा आत जाणार?

महाराज म्हणाले, “तिला ऊब हवी. ती बाईची की बाप्याची, असं तिनं विचारलंय का?”

मायाप्पा परत आला, उंबरा ओलांडला, अंगातली बंडी काढली. हौसाच्या जुन्या लुगड्याच्या पट्टीनं पोर छातीशी बांधून घेतली आणि वरून घोंगडं पांघरून भिंतीला टेकून बसला. चंद्राक्का कापसाच्या वातीनं थेंब थेंब दूध पाजू लागली. अधूनमधून पोर श्वास घ्यायचीच विसरे. मग मायाप्पा तिच्या तळव्यावर बोटानं टिचकी मारी, की तो पुन्हा चालू होई.

दुसऱ्या दिवशी हौसाचा थोरला भाऊ येसाप्पा आला. लोकरीचा मोठा व्यापारी, दारी घोडं, कोटाला सोन्याची बटणं. पंचक्रोशीत त्याचा शब्द कुणी खाली पडू देत नसे. त्यानं दारातून आत पाहिलं आणि तो मोठ्यानं हसला.

“काय दाजी, तुम्हीच बाळंत झालात होय? कळवायचं तरी. डिंकाचे लाडू घेऊन आलो असतो.”

अंगणातल्या बायकांनी तोंडाला पदर लावले. ही महाराजांची आज्ञा, हे कळल्यावर तर त्याला ऊतच आला. ज्या बुवाला स्वतःचा दमा बरा करता येत नाही, तो दुसऱ्याच्या पोराला काय श्वास देणार, असं तो चारचौघांत बोलला. मायाप्पानं मान खाली घातली. पोर मात्र सोडली नाही.

घोंगडं बाजूला झालं तसं येसाप्पाला पोरीचं तोंड दिसलं, आणि त्याचं हसू मावळलं. हे जगायचं नाही, बहीण शुद्धीवर यायच्या आत आटपलेलं बरं, असं त्यानं ठरवलं. नाव न ठेवलेलं मूल गेलं तर दिवे लागायच्या आत मातीआड करायचं असतं, आणि ओढ्याकाठची जमीन सुकून दगडासारखी झालेली. म्हणून त्यानं दोन गडी पाठवून आधीच खड्डा खणून घेतला. हातभर लांब, वीतभर रुंद. जिवंत लेकराचा!

पुढचं त्या गड्यांनी सांगितलं. खड्डा पुरा झाला, सूर्य डोक्यावर होता. महाराज करंजाखालून उठून आले आणि त्या खड्ड्यात उतरून बसले. एवढे उंचेपुरे महाराज त्या एवढ्याशा जागेत कसे मावले, हे गड्यांना अखेरपर्यंत सांगता आलं नाही. खड्डा रुंदावला नाही, महाराज लहान झाले नाहीत, पण मावले.

“ही जागा आता भरली,” एवढंच म्हणाले आणि डोळे उघडे ठेवून निश्चल झाले. गडी कुदळी टाकून येसाप्पाकडे पळाले.

इकडे त्याच वेळी पोर थांबली. मायाप्पानं टिचकी मारली. पुन्हा मारली. तळवा निळा पडत चालला होता. चंद्राक्कानं बराच वेळ वाट पाहिली आणि हात पुढे केले.

“आता दे बाबा इकडं.”

मायाप्पानं दिली नाही. आत्तापर्यंत तो तिला नुसतं ‘ते’ म्हणत होता. आता त्यानं घोंगड्यात तोंड घातलं.

“चिमणे, मी हाय गं इथं. तुझा बा हाय.”

त्याच्या छातीवर काहीतरी हललं. एक श्वास. पण तेवढ्याशा जिवाचा नव्हे तो, लांब, खोल, जुन्या माणसाचा. सुटताना त्याला बारीक शीळ होती, आणि ती शेवटाला दोनदा तुटली.

चंद्राक्का मागे सरत भिंतीला लागली. पुन्हा श्वास, पुन्हा शीळ. पोरीच्या तोंडाला धुनीच्या राखेचा वास येत होता.

तेवढ्यात येसाप्पा दाराशी आला. तोंड पांढरंफटक. महाराजांना हाताला धरून उठवायला तो गेला होता. हात ओढ्यातल्या धोंड्यासारखा गार लागला. कनवटीतला लोकरीचा पुंजका त्यानं महाराजांच्या नाकाशी धरला, एक तंतू हलला नाही.

“दाजी, म्हातारा गेला. माझ्या खड्ड्यात...”

आणि त्याला शीळ ऐकू आली.

तो उंबऱ्याशीच बसला. दुपार कलली, अंगणात कावळासुद्धा ओरडेना. त्या खोलीत तेवढा एक आवाज चालू राहिला. मायाप्पाला वाटे, आपल्या छातीवर लेक आहे आणि लेकीच्या आत बसून कुणीतरी तिचा भार वाहतंय.

दिवेलागणीला शीळ बारीक होत गेली आणि थांबली. मायाप्पानं तळव्यावर टिचकी मारायला बोट उचललं. मग पोर रडली. स्वतःच्या आवाजात, खणखणीत, पहिल्यांदा. हौसानं डोळे उघडले.

महाराज ओढ्याकडून चालत आले. घोंगड्याला माती लागलेली, छातीत तीच जुनी शीळ. येसाप्पा पायांवर कोसळला. “महाराज, मी जित्या लेकराची माती केली होती. सांगाल ते करीन, शब्द देतो.”

“आधी तो खड्डा बुजव. तुझ्या हातानं. मग खिंडीपलीकडच्या वाडीवर शेवटच्या घरी जा. तिथं असंच एक लेकरू वेळेआधी आलंय म्हणून समज. आईला शुद्ध नसेल, बाप मेंढरं घेऊन लांब गेलाय. तो येईपर्यंत लेकराला तू आहेस.”

येसाप्पानं भीत भीत विचारलं, “कधी झालं ते?”

महाराज म्हणाले, “अजून झालं नाही. तू पोचशील तेव्हा होईल.”

येसाप्पानं खड्डा बुजवला, मातीचे हात धुतले आणि परत येऊन महाराजांच्या पायांवर पुन्हा डोकं टेकलं. मग कोट काढून खुंटीला अडकवला. खोलीच्या उंबऱ्याशी क्षणभर घुटमळला आणि आत आला.

“दाजी,” तो हळूच म्हणाला, “ते कसं बांधायचं, तेवढं दाखवा.”

मायाप्पानं लुगड्याची एक पट्टी फाडून त्याला गाठ दाखवली. ती खांद्यावर टाकून येसाप्पा निघाला. घोडं दारातच राहिलं. घोड्याच्या टापांनी तिकडची बाळंतीण दचकेल, म्हणून तो खिंडीच्या वाटेनं पायीच चालू लागला.