तीन हातांचा लाकडी गुरू

एका राज्यात लाकूड तोडायला बंदी होती. चुली शेणींवर पेटत, घरांना दगडी खांब असत, आणि राजाचा पलंगसुद्धा वेताचा होता. कारण साधे होते. त्या राज्यात कोणते झाड मुळात झाड आहे आणि कोणते झाड कोणाचा भाऊ आहे, हे सांगता येत नसे.

हे सुरू झाले राजाच्या आजोबांपासून. त्यांनी उत्तरेची टेकडी खणली आणि तिच्याखालचा खजिना उपसून राजवाड्यात आणला. खजिना विडालाक्ष नावाच्या मांत्रिकाचा होता. विडालाक्ष दरबारात आला, अदबीने वाकला आणि म्हणाला,

"महाराज, धन तुमच्याकडेच राहू द्या. मला धन नको. दर मार्गशीर्षात तुमचा एक योद्धा माझ्या रानात पाठवा. येताना शस्त्र आणू नये. त्याने माझ्या छातीला नुसता तळहात लावला, तर शाप संपला. नाही लावता आला, तर तो झाड होऊन तिथेच राहील. आणि एखाद्या वर्षी कोणी आलेच नाही, तर तुमचे सगळे नगर रान होईल."

दरवर्षी एक योद्धा गेला आणि दरवर्षी रानात एक झाड वाढले. खजिना तळघरात पडून राहिला. त्याला हात लावायला कोणाचा धीर होईना.

असे होता होता शेवटी राज्याचे मल्लगुरू आर्यक स्वतः गेले. ते मात्र झाड झाले नाहीत. विडालाक्षाच्या सेवकांनी त्यांना गाडीत घालून परत आणले. एक गुळगुळीत खांब, त्याला छातीच्या उंचीवर फुटलेले दोन हात, पोटापाशी तिसरा, आणि खाली गुडघ्यात वाकलेला एकच पाय.

"हा तुमचा गुरू," असा निरोप होता. "आखाड्यात रोवा."

लोकांनी रोवला. बायका त्याला हळदकुंकू वाहू लागल्या, पोरे त्याच्या हातांना लोंबकळू लागली. वर्षे गेली. राज्यातले योद्धे संपले. गादीवर राजा हेमरथ होता, तोही म्हातारा झाला. एके दिवशी त्याने आपल्या एकुलत्या एक मुलीला, मंजिष्ठेला, जवळ बोलावले.

"बाळ, या मार्गशीर्षात मी जातो."

"तात, तुम्हाला जिना चढताना धाप लागते."

"झाड व्हायला कुठे धाप लागते?" राजा म्हणाला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मंजिष्ठा आखाड्यात गेली. तलवार तिला येत होती, घोडा येत होता, पण विडालाक्षाची लढत रिकाम्या हातांची. आखाड्यात शिकवणारे कोणी उरले नव्हते. होता तो फक्त खांब. तिने पदर खोचला आणि सारा जोर लावून खांबाच्या उजव्या हातावर मूठ मारली. थप्प असा आवाज झाला आणि बोटांची साले निघाली.

"चूक," कोणीतरी म्हणाले.

खांबाच्या माथ्यावर लाल तुऱ्याचा सुतार पक्षी बसला होता.

"तू बोललास?" मंजिष्ठेने विचारले.

"आवाज माझा, बोलणे त्याचे. लाकडाची भाषा मला येते. आमचा धंदाच तो."

"गुरुजी बोलतात?"

"तू मारलेस तर बोलतात. हात चुकीचा पडला तर थप्प वाजते, बरोबर पडला तर टण्ण वाजते. याहून जास्त बोलायला त्यांना तोंड नाही."

"मला शिकवशील?"

"मी दुभाषा आहे, राजकन्ये. शिकवतील ते. तीन हात आहेत, तीन उत्तरे आहेत. पहिले उत्तर सापडल्याशिवाय दुसऱ्या हाताला शिवू नकोस."

मंजिष्ठा रोज आखाड्यात येऊ लागली. पहिल्या हाताला तिने मूठ मारून पाहिली, कोपर मारून पाहिले, उडी घेऊन मारले. थप्प, थप्प, थप्प. पक्षी "चूक" म्हणे आणि पंख साफ करी. संध्याकाळी दासी तिच्या हातांना आंबेहळदीचा लेप लावी आणि रडे. मंजिष्ठा रडत नसे. तिला राग येई. रागाने ती आणखी जोरात मारी आणि हात आणखी सुजे.

एकदा हात इतका सुजला की मूठ वळेना. त्या दिवशी तिने मनगट नुसते तिरपे धरले आणि खांबाच्या हातावरून घसरत नेले, केळीच्या पानावरून पाणी जावे तसे. टण्ण वाजले. देवळातली घंटा वाजावी तितके स्वच्छ.

पक्ष्याने मान वर केली. "खरे," तो म्हणाला.

दुसरा हात वेगळाच होता. पहिल्याला उत्तर देऊन ती पुढे गेली की दुसरा आडवा येई. मंजिष्ठेने पुष्कळदा कपाळ आपटून घेतले. वाटेत येणारी वस्तू बाजूला सारायची, एवढेच तिला आजवर माहीत होते. राजवाड्यात तिच्यासाठी सगळेच बाजूला होत. खांब मात्र जमिनीत रोवलेला होता. तो हलणार नव्हता. मग तीच हलू लागली. एक पाऊल तिरपे, एक पाऊल वळून, खांबाच्या वाकलेल्या पायाला वळसा घालून. फिरता फिरता तिच्या पावलांनी मातीत गोल चर पडला. आणि एका सकाळी दुसरा हातही टण्ण वाजला.

"खरे. आता तिसरा."

तिसरा हात पोटाच्या उंचीवर होता. बाकीच्या दोघांपेक्षा आखूड, आणि तिला त्याचीच भीती वाटे. त्याच्यासमोर गेली की तिचे अंग आपोआप आकसे आणि ती अर्धे पाऊल मागे घेई. मागे घेतले की थप्प. भाद्रपद गेला, आश्विन गेला, दिवाळीचे दिवे लागून विझले. तिसरा हात थप्पच वाजत राहिला.

कार्तिकातल्या एका दुपारी तिने चिडून त्या हातावर लागोपाठ वार केले. हात खांबात शिरतो तिथे एक बारीक भेग पडली. भेगेतून रस आला. तो लाल होता. मंजिष्ठेने बोटाने टिपून पाहिला. तो कोमट होता.

"हे काय आहे?" तिने विचारले.

"रक्त," पक्षी म्हणाला.

"त्यांना लागते?"

"लागते."

"पहिल्या दिवसापासून?"

"पहिल्या दिवसापासून. तू विचारले नाहीस."

मंजिष्ठा मातीत बसली. तिने पदर फाडून भेगेला पट्टी बांधली. त्यानंतर ती आखाड्यात येई, पण खांबाला हात लावत नसे. नुसती समोर बसून राही. बायका हळदकुंकू वाहायला आल्या की त्यांना सांगे, "हळू लावा." राजाने हे ऐकले आणि आपले प्रवासाचे जोडे बाहेर काढायला सांगितले. मार्गशीर्ष तोंडावर आला होता.

जोडे उंबऱ्याशी ठेवलेले पाहिले, तेव्हा मंजिष्ठा पुन्हा आखाड्यात गेली.

"पक्ष्या, त्यांना विचार. मी काय करू?"

पक्ष्याने खांबावर चोच आपटली, कान लावला आणि सांगितले, "मार, म्हणतात."

"हळू मारले तर?"

पक्ष्याने पुन्हा चोच आपटली. या वेळी तो बराच वेळ कान लावून बसला.

"म्हणतात, हळू मारलेस तर मी हे सगळे फुकट सोसले. राजकन्ये, आणखी एक सांगतात. विडालाक्षाला तिसरा हात आहे. तो त्याच्या बेंबीतून निघतो. ज्याने ज्याने तो पाहिला, तो पाहता पाहता झाड झाला. मागे येऊन सांगणारा कोणी उरला नाही. यांनीही पाहिला. शाप पायांतून वर चढत होता, तेवढ्या वेळात यांनी आपली हाडे वाकवून विडालाक्षाचे तिन्ही हात आणि पाय होते तसे आपल्या अंगावर उतरवून घेतले. विडालाक्षाला वाटले, म्हातारा वेदनेने वाकडा झाला. म्हणून चेष्टा करून परत पाठवले."

मंजिष्ठेने खांबाकडे पाहिले. इतके दिवस तिला तो वेडावाकडा वाटला होता. आता तिला समोर विडालाक्ष उभा दिसला: हा त्याचा वरचा हात, हा दुसरा, हा लपलेला, आणि हे पायात पाय अडकवणारे पाऊल.

तिने वाकून खांबाच्या पायाला हात लावला, उठली, आणि मारले. पूर्ण जोराने नव्हे, पण पूर्ण मनाने. रोज सकाळी मारी आणि रोज संध्याकाळी त्याच हातांनी भेगेवर आंबेहळद लावी. शेवटी एकदा पोटापाशी हात आला असता तिने मागे सरायचे ते पाऊल पुढे टाकले, इतके पुढे की तिसऱ्या हाताला पोचायला जागाच उरली नाही. तिची छाती खांबाला टेकली. टण्ण असा आवाज झाला आणि आखाड्याच्या छतावरचे पारवे उडाले.

"खरे," पक्षी म्हणाला.

मार्गशीर्षातल्या ठरलेल्या दिवशी, ऊन वर आल्यावर, मंजिष्ठा राजाच्या ऐवजी रानात गेली. विडालाक्ष एका सपाट जागी तिची वाट पाहत होता. सडपातळ, नीटनेटका माणूस, डोळे मांजरीचे. त्याने तिला प्यायला पाणी दिले.

"राजकन्ये, तुला कोणते झाड व्हायला आवडेल? मी नेहमी विचारतो."

"मी विचार केला नाही," मंजिष्ठा म्हणाली.

"मग मी सुचवीन," तो म्हणाला, आणि पुढे आला.

त्याचा पहिला हात आला. तिने मनगट तिरपे धरले आणि तो घसरून गेला. पण जिथे स्पर्श झाला तिथे तिच्या कातडीवर साल चढली. दुसरा हात आला, तिने पाऊल वळवले. तिचा खांदा जड झाला. तेव्हा एक गोष्ट तिच्या ध्यानात आली: खांब हलत नव्हता, हा हलतो. पाहिलेला हात पाहिलेल्या जागी राहत नाही. पाय मागे घ्यावा, पळावे असे तिला वाटले. मग तिने हातांकडे पाहणे सोडले. हात हजार जागी फिरतील, छाती त्यांच्या मधोमधच असणार.

विडालाक्षाने पाऊल अडकवले. तिने त्याला वळसा घातला. त्याच्या अंगरख्याची गाठ सुटली आणि बेंबीतून तिसरा हात निघाला, आखूड आणि पांढरा, मुळ्यासारखा. मंजिष्ठा ओरडली. ओरडतच ती पुढे गेली. हात तिच्या कुशीला घासून मागे रिकाम्या हवेत बंद झाला, आणि तिचा तळहात विडालाक्षाच्या छातीवर टेकला.

फार जोराने नाही. दार बंद आहे का ते पाहायला टेकवावा, तसा.

"तुला कोणी सांगितले?" विडालाक्षाने विचारले.

"आर्यकांनी."

"तो तर लाकूड आहे."

"हो," मंजिष्ठा म्हणाली.

विडालाक्षाने आणखी काही विचारले असते, पण त्याला वेळ मिळाला नाही. त्याच्या बोटांना पाने फुटली. तो एरंड झाला, ज्याचे लाकूड कशाच्याही उपयोगी पडत नाही.

रानातली झाडे माणसे झाली. कोणी शिंकले, कोणाच्या खांद्यावर घरटे तसेच राहिले होते, ते त्याने हळूच उचलून खऱ्या झाडाच्या फांदीत ठेवले. एका तरुण योद्ध्याने विचारले, "कोण जिंकले?" त्याचा नातू गावात पाटील झाला आहे, हे त्याला अजून कळायचे होते. मंजिष्ठेच्या अंगावरची साल गळून पडली. कोणाशी न बोलता ती घोड्यावर बसली आणि नगराकडे निघाली.

आखाड्यात गर्दी होती. मधोमध मातीत, घोट्यांपर्यंत पुरलेले, आर्यक उभे होते. केस पांढरे, हात दोन, पाय दोन. राजा हेमरथ त्यांच्यासमोर हात जोडून उभा होता.

"गुरुदेव, मागा," राजा म्हणत होता. "गाव मागा, सेनापतिपद मागा. खजिना आजच टेकडीखाली परत पुरतो आहोत, तेवढा सोडून काहीही मागा."

आर्यकांनी ओठ हलवून पाहिले. आवाज फुटायला वेळ लागला.

"महाराज," ते म्हणाले, "मी बसू का?"

ते इतकी वर्षे उभे होते, हे कोणाच्या मनातच आले नव्हते. मंजिष्ठा गर्दीतून पुढे झाली. तिने त्यांच्या काखेत हात घातला, दुसऱ्या हाताने माती उकरून पाय मोकळे केले आणि त्यांना हळूहळू खाली घेतले. गुडघे वाकताना कडकड वाजले. ते मातीत बसले आणि त्यांनी डोळे मिटून मोठा श्वास सोडला. राजा उभाच राहिला, म्हणून सगळे उभे राहिले.

मंजिष्ठेने त्यांचे हात आपल्या मांडीवर घेतले. मनगटापासून कोपरापर्यंत ते काळेनिळे होते. एकही बोटभर जागा कोरी नव्हती, आणि कुशीत एक जखम होती, तिच्यावर आंबेहळद वाळली होती. इतके दिवस न रडलेली मुलगी तेव्हा रडली.

"गुरुजी, हे सगळे मी केले."

आर्यकांनी डोळे उघडले. आपले हात उलटेपालटे करून पाहिले, जसे कोणी शिष्याचे काम तपासावे.

"तुझा डावा हात अजून उशिरा येतो," ते म्हणाले. "मी जरा बसतो. मग पाहू."

मग ते पोटभर बसले. उभे राहून थकलेल्या सगळ्यांना असेच बसायला मिळो, आणि बसवणारा हात मिळो.