सायकल उचलू नकोस

एकदा एक वृद्ध वकील आपल्या शिष्यासह सायकलवरून कोर्टात निघाले होते. शिष्य आपल्या सायकलवर चार हात मागे होता. इतक्यात धान्याच्या एका व्यापाऱ्याने आपली मोटार त्यांच्या पुढे काढली आणि आरसा न पाहता, इंडिकेटर न देता, दुकानाकडे एकदम डावीकडे वळवली. वकील सायकलसकट रस्त्यावर आदळले. कोपर सोलवटले, पुढचे चाक पापडासारखे वाकले.

अपघात झाला की आपल्याकडे माणसे धावतात, ही आपली पुण्याई. तशी ती तेव्हाही धावली. कुणी पाणी आणले, कुणी वृद्धांना आधार दिला. शिष्य सायकल कडेला घ्यायला वाकला.

"हात लावू नकोस!" वृद्ध कडाडले आणि सायकलशेजारी रस्त्यावरच मांडी घालून बसले. "पंचनामा होईपर्यंत ती हलणार नाही. मीही नाही."

"काका, या वयात सायकल कशाला?" व्यापारी म्हणाला. "रिक्षाने जावे माणसाने."

"आणि तुम्ही बैलगाडीने जावे. तिला आरसा लागत नाही."

गर्दी हसली. व्यापारी ओशाळला. त्याने हात जोडले. "चुकलो. माफ करा."

"केले. अगदी मनापासून. आता पोलीस येईपर्यंत थांबा."

शिष्य गोंधळला. "गुरुजी, माफ केलेत, मग फिर्याद कशाला?"

"तुझ्या वडिलांना मोटारीने उडवले, तेव्हा लोकांनी काय केले?"

"दवाखान्यात पोचवले. सायकल उचलून कडेला लावली. फार उपकार झाले त्यांचे."

"झालेच. आणि पंचनाम्यात काय लिहिले गेले?"

शिष्याचे वडील अजून पाय ओढत चालत होते. "स्वतःच घसरून पडले, असे."

"बाळ, माणूस आधी उचलायचा, त्यात वाद नाही. सायकल मात्र पडली तिथेच राहू द्यायची. तेवढीच तिची साक्ष असते. धक्का मला बसला, म्हणून क्षमा करणे माझ्या हाती. पण डाव्या कडेने निर्धास्त जाण्याचा हक्क माझ्यामागून येणाऱ्या प्रत्येकाचा आहे. तो परस्पर सोडून देणारा मी कोण?"

हवालदार आला. सायकलभोवती खडूची रेघ ओढून त्याने विचारले, "शिष्याची साक्ष घरची झाली. बाहेरच्या कुणी पाहिले?"

गर्दी पाऊल पाऊल मागे सरकू लागली. शिष्याने डोळे मिटून घेतले. वडिलांच्या वेळीही हेच झाले होते.

"मी पाहिलं," समोरचा चहावाला म्हणाला. "शेठनी आरशात बघितलंच नाही. लिहा."

"अरे, कोर्टाच्या फेऱ्या मारत बसशील!" कुणीतरी बजावले.

"मारीन की."

व्यापाऱ्याने मान खाली घातली. "खरे सांगतोय तो," तो हळूच म्हणाला.

चहावाल्याने सही केली आणि ओले हात शर्टाला पुसत तो टपरीकडे वळला. शिष्य धावत गेला आणि भर रस्त्यात त्याच्या पाया पडला.

पडलेल्याला उचलणाऱ्यांचे आपण ऋणी असतोच. त्याच्यासाठी सही करणाऱ्याचेही ऋण मानावे.