रिकामी सोडलेली सायकल

‘आणि ही ब्रेकची तार?’

‘त्याच सालातली.’

‘रबरं?’

‘तीपण. पाकीट न फोडलेलं मिळालं, बंगळूरला. एका म्हाताऱ्या दुकानदाराच्या माळ्यावर पडून होतं.’

उस्तादांनी ब्रेकच्या रबरात अंगठ्याचं नख रोवून पाहिलं. नख रुतलं नाही.

‘दगड झालाय याचा.’

‘असू दे. त्या सालातलं आहे.’

शिवदास कासार हे छाती काढून बोलला. छाती काढण्यासारखं त्यानं केलंही होतं. कोल्हापुरात त्याचं स्वतःचं लेथ मशीन होतं, हाताखाली माणसं होती, आणि लोखंड आपलं ऐकतं असा त्याचा समज होता. बऱ्याच अंशी तो खरा होता.

गेली कित्येक वर्षं तो दर रविवारी घाटमाथ्यावर हिरडेवाडीला येत होता. मौला शिकलगारांच्या सायकलच्या दुकानात. गावाला ते मौलाचाचा, त्याला उस्ताद.

सायकल त्याच्या थोरल्या भावाची. रामदासची.

डोंगरातून पळवायची सायकल, तीस वर्षांपूर्वीची. गोव्याकडे निघालेला एक परदेशी माणूस इथे तापानं पडला होता. कासारांच्या घरी बरा झाला आणि जाताना सायकल रामदासला देऊन गेला. आजच्या डोंगरी सायकली म्हशीसारख्या जाड. ही तशी नाही. पोलादाच्या नळ्या, टोकाला जाड आणि मधे कागदासारख्या पातळ. टिचकी मारली की पितळी भांड्यासारखी वाजायची. दोन बोटांवर उचलावी इतकी हलकी.

रामदास तिच्यावरून जुना घाट उतरायचा. एका सकाळी काळ्या दगडाच्या वळणाला तो वळलाच नाही. सरळ गेला. सायकल करवंदीच्या जाळीत अडकली. तो खाली गेला.

सायकल दोर लावून वर काढली ती उस्तादांनीच. घरच्यांनी ती दारात घेतली नाही. मग ती दुकानाच्या आढ्याला टांगलेली राहिली, वाकलेली, गंजलेली. शिवदास चाळिशीला टेकल्यावर एक दिवस दुकानात आला आणि वर बोट दाखवून म्हणाला, ‘ती उभी करायचीय. मला शिकवा.’

उस्ताद तेव्हा म्हणाले होते, ‘उभी करून?’

‘ते वळण घेणार. तिच्यावर बसून.’

उस्तादांनी शिडी लावून ती आढ्यावरून खाली उतरवली होती.

आज ती उभी होती. तोच निळा रंग. फोर्क, हब, रिम, गिअर, पायडल, हँडलची रबरी मूठसुद्धा त्या सालातली. नवं काही नाही. भंगारवाल्यांच्या दारात बसून, जुन्या सायकलवाल्यांच्या पाया पडून त्यानं एकेक वस्तू आणली होती.

शेजारच्या टपरीतून सोनाबाई चहा घेऊन आली. तिनं सायकलीकडे पाहिलं, मग शिवदासकडे.

‘झाली म्हणायची एकदाची.’

‘झाली.’

‘या सायकलीच्या नादात तुझी बायको माहेरी जाऊन परत आली तरी तुला कळलं नाही म्हणे.’

‘कळलं होतं.’

‘कधी?’

शिवदासनं चहाचा कप उचलला. सोनाबाई हसली नाही. तिनं सायकलीच्या सीटवर हात ठेवला आणि लगेच काढून घेतला. पदराला पुसला.

‘गार आहे,’ ती म्हणाली. ‘उन्हात ठेवा जरा.’

ऊन नव्हतंच. थंडीचे दिवस होते. सूर्य वर आला होता, पण धुकं दुकानाच्या पायरीशी येऊन बसलं होतं. जुना रस्ता पायरीपासून सुरू होतो, सरळ उतारानं खाली जातो आणि काळ्या दगडाशी एकदम डावीकडे वळतो. नवा रस्ता पलीकडून झाल्यापासून इकडे कुणी येत नाही. त्या सकाळी रस्ता आठ-दहा हातांपलीकडे दिसत नव्हता.

उस्तादांनी बशी खाली ठेवली.

‘सगळं त्या सालातलं.’

‘सगळं.’

‘आणि बसणारा?’

‘मी.’

‘तू कुठल्या सालातला?’

शिवदासला राग आला. राग आला की तो कामाला लागायचा. त्यानं फडकं घेतलं आणि पुसलेलंच हँडल पुन्हा पुसलं.

‘बस,’ उस्ताद म्हणाले.

‘कुठे?’

‘सायकलीवर. इथंच. मी धरतो.’

शिवदासनं टांग टाकली. टेकायला पाय खाली सोडले... पायाची बोटंच तेवढी जमिनीला लागली. टाचा वर तरंगत राहिल्या. तो सीटवर बसला होता, पण फांदीला धरून लोंबकळल्यासारखा.

सोनाबाईनं तोंडाला पदर लावला.

‘उंच झाली जरा,’ शिवदास म्हणाला. ‘खाली घेतो.’ त्यानं पान्ह्याकडे हात केला.

उस्तादांनी पान्ह्यावर पाय ठेवला.

‘उंची कशावरून धरलीस?’

‘सीटच्या नळीवर ओरखडा आहे. दादानं केलेली खूण. तेवढ्या जागी गंज चढला नव्हता. तिथंच धरली.’

‘त्याच्या मापाची.’

‘त्याच्या मापाची.’

‘एवढी वर्षं दर रविवारी समोर होती. एकदाही बसून बघितलं नाहीस.’

‘नाही.’

‘का?’

शिवदास खाली उतरला. त्याचे कान लाल झाले होते. लेथवर केसाएवढी चूक न करणारा माणूस. बारक्यातला बारका स्क्रू त्यानं सालाप्रमाणे जुळवला होता, आणि माप दुसऱ्याचं घेऊन बसला होता.

‘उतार मी घेणारच, उस्ताद. उंच तर उंच. उभ्यानं चालवीन. आज घेणार.’

‘या रबरांवर?’

‘या रबरांवर.’

‘थांबायची नाही.’

‘दादाची थांबली होती का?’

सोनाबाई उठून टपरीकडे गेली.

पान्ह्यावरचा पाय काढून उस्ताद म्हणाले, ‘दुकानाची रीत ठाऊक आहे ना?’

‘ठाऊक आहे.’

‘मग आधी रिकामी सोडू.’

त्या दुकानाची रीत अशी होती. नवी बांधलेली किंवा दुरुस्त केलेली सायकल माणूस बसायच्या आधी एकदा रिकामी सोडायची. एकानं पायरीवरून तिला उतारावर सरळ धरायची, सीटवर थाप मारून सोडायची. दुसऱ्यानं खाली वळणाशी उभं राहून ती पकडायची. माणूस वर बसला की गाडीची खोड झाकतो. ती वाकडी ओढत असेल तर आपलं अंग दुसरीकडे टाकतो आणि म्हणतो, सरळ चालली. रिकाम्या गाडीला झाकणारं कुणी नसतं. सरळ बांधली असेल तर सरळ येते. नसेल तर वाटेत कुठेतरी पडते. सरळ आली तरी वळण तिला कळत नाही. तिथे तिला धरावीच लागते.

शिवदासनं अशा कितीतरी सोडल्या होत्या, कितीतरी पकडल्या होत्या. कामच ते.

‘मी सोडतो,’ तो म्हणाला.

‘तू धर.’

‘धुकं आहे. दिसणार नाही.’

‘ऐकू येईल.’

‘हातातून सुटली तर दरीत जाईल, उस्ताद. पुन्हा उभी राहणार नाही. आता असं सामान कुठं मिळत नाही.’

‘म्हणून तू धर म्हणतोय.’

शिवदास उतार उतरून गेला. खाली धुकं आणखी दाट होतं; त्याला दोन-तीन हातांपुढचं दिसत नव्हतं. काळा दगड हाताला लागला तेव्हा कळलं की वळण आलं. दगड ओला होता. पलीकडचा कठडा कधीच पडून गेला होता आणि त्यापुढे पांढरं होतं, नुसतं पांढरं. पक्षी नाही, वारा नाही. पानावरून थेंब पडला तर तेवढाच आवाज.

तो रस्त्याच्या मधोमध पाय फाकून उभा राहिला. हात पुढे केले.

वरून सीटवरची थाप ऐकू आली.

मग टिकटिक सुरू झाली.

सायकल उताराला लागली आणि पायडल मारणारं कुणी नसलं की मागच्या चाकाचं फ्रीव्हील असं बोलतं. टिक टिक टिक. वेग वाढला की टिकटिक एकात एक मिसळते. शिवदासला तो आवाज हजारात ओळखू आला असता. ते फ्रीव्हील त्यानं स्वतः उघडलं होतं, एकेक गोळी पुसून परत बसवली होती. आवाज सरळ येत होता. डावीकडे नाही, उजवीकडे नाही. त्याच्या छातीत बरं वाटलं. फ्रेम सरळ होती.

टिकटिक थांबली.

त्याला वाटलं, पडली. पण पडल्याचा आवाज आला नाही. चाकांचा आवाज येतच होता, ओल्या डांबरावरचा. त्यात दुसरा एक बारीक आवाज होता... तेल दिलेल्या चेनचा.

फ्रीव्हील दोनदाच गप्प बसतं. चाक थांबलं की, नाहीतर कुणी पायडल मारू लागलं की.

चाक थांबलेलं नव्हतं.

खट्. गिअर पडला. थोड्या अंतरानं पुन्हा खट्.

त्याला हाक मारावीशी वाटली. कुणाला मारायची ते कळेना.

धुकं निळं झालं, आणि त्या निळ्यातून सायकल आली.

वर कुणी नव्हतं.

पायडलं फिरत होती. सावकाश, ठेक्यात, वर गेलेलं खाली येत होतं. दगडापाशी येताच फिरायची थांबली आणि टिकटिक पुन्हा सुरू झाली. दगड झालेली ती रबरं रिमला टेकली. अगदी हलकी, जाणता माणूस वळणाआधी टेकवतो तेवढी. रिमवरचं पाणी फवाऱ्यासारखं उडालं. गाडी मंदावली.

ती त्याच्या हाताशी आली होती. हँडल त्याच्या बोटांना लागेल इतक्या जवळ. मूठ वळली असती तर धरता आली असती. अशी संधी सोडणारा तो कारागीर नव्हता. त्याची सगळी वर्षं त्या दोन चाकांवर होती. आणि ती आता सुटली तर तो उतार, ते वळण, जे काही त्याला तिथं विचारायचं होतं ते, सगळं तिच्याबरोबर जाणार होतं.

हँडल किंचित डावीकडे कलंडलं.

शिवदासनं हात खाली घेतले. एक पाऊल मागे सरला. पाठ दगडाला लागली.

सायकल त्याच्यासमोरून वळली. आतल्या अंगाला कलून, वळणाला चिकटून. कापलेला वारा त्याच्या तोंडावर आला. त्या वाऱ्याला वास नव्हता. मग ती सरळ झाली आणि पुढच्या उताराला लागली.

टिकटिक खाली गेली. आणखी खाली गेली. तो कान देऊन उभा राहिला. कुठेतरी आपटल्याचा, मोडल्याचा, जाळीत घुसल्याचा आवाज येईल म्हणून वाट पाहत राहिला.

आला नाही. टिकटिक बारीक होत गेली, आणि ती केव्हा संपली आणि पानावरचे थेंब केव्हा ऐकू येऊ लागले ते त्याला सांगता आलं नसतं.

तो वर आला. चढ त्याला लांब वाटला.

सोनाबाई टपरीच्या दारात उभी होती. तिनं त्याच्या रिकाम्या हातांकडे पाहिलं. मग चूल फुंकायला आत गेली.

उस्ताद पायरीवर बसले होते. पान्हे तेलाच्या फडक्यात गुंडाळत होते.

‘धरली नाहीस.’

‘नाही.’

‘हात पोचला नाही?’

‘पोचत होता.’

उस्तादांनी फडक्याची गाठ मारली. शिवदास त्यांच्यासमोर रस्त्यावरच खाली बसला. लेथवाला, छाती काढून चालणारा माणूस. धुक्यानं त्याचे केस पांढरे झाले होते.

‘उस्ताद...’

‘बोल.’

‘पायडलं फिरत होती.’

उस्ताद उताराकडे पाहत राहिले. तिथं काही दिसत नव्हतं.

‘गिअर पडले. दोनदा. मी ऐकले. वर कोण होतं, उस्ताद?’

उस्तादांनी पान्ह्यांचं गाठोडं बाजूला ठेवलं.

‘उस्ताद, मी विचारतोय. कोण होतं?’

‘वळण घेतलं?’

शिवदासनं मागे वळून उताराकडे पाहिलं.

‘घेतलं.’

‘मग बरोबर बांधलीस.’