नागिणीला वाट

जनावरं एकमेकांशी मोकळेपणानं बोलायची, त्या काळची गोष्ट. सरूबाईच्या सरपणात भुऱ्या कुत्र्याला नागीण दिसली. पलीकडेच सरूबाईचं रांगतं बाळ खेळत होतं. भुऱ्या गुरगुरला, तशी तिनं फणा काढला.

"उंदरामागं आले आणि अडकले," ती म्हणाली. "बाहेर पडले तर माणसं ठेचतील. इथंच राहिले, तर कुणाचा तरी हात माझ्यावर पडेल. मग मी चावेनच."

तिचं बोलणं भुऱ्याला खोटं वाटलं नाही.

"मी पुढं होतो. तू कुंपणाच्या कडेनं ये," तो म्हणाला.

बाळापाशी जाऊन तो जीव खाऊन भुंकू लागला. सरूबाईनं घाबरून बाळाला उचललं आणि दार लावून घेतलं. मग भुऱ्या गल्लीभर भुंकत सुटला. लोक बिचकून घरात शिरले आणि नागीण त्याच्यामागून माळावरच्या वारुळापाशी पोहोचली.

"तुला काय देऊ?" तिनं विचारलं.

"लांब राहा, एवढंच."

तो घरी परतला, तर सरूबाईनं त्याला खुंटीला बांधलं. "आज काय अंगात आलं होतं याच्या, कुणास ठाऊक," ती म्हणाली.

भुऱ्यानं मान पायांवर टेकली. बाळ अंगणात हवं त्या कोपऱ्यात रांगत होतं. भुऱ्या एकदाही भुंकला नाही.